मुखवटा घातलेल्या दोन गिटारी

‘मी मुखवटा घालून पुढे येतो’ अशा अर्थाचं नाव असलेली एक ध्वनिमुद्रिका १९८२ साली इंग्लंडमध्ये निघाली. मूळ नाव ‘आय अ‍ॅडव्हान्स मास्क्ड’. तिच्यात कोणी गात नाही. तेरा रचना आहेत. काही जेमतेम दीड मिनिटाच्या, सगळ्यांत लांब ती सातेक मिनिटांची, आणि सगळ्या मिळून चाळीस मिनिटांच्या आसपास. वाजवणारे दोघेच. दोघेही गिटारवाले, दोघेही रॉक संगीतातले, आणि त्या वेळी दोघांच्याही नावाला मोठं वजन होतं. एक रॉबर्ट फ्रिप आणि दुसरा अँडी समर्स.

मी या ध्वनिमुद्रिकेबद्दल बोलणार आहे असं कळल्यावर एका स्नेह्यांनी विचारलं, “अहो, तुम्ही मराठीत कविता लिहिणारे, तुमचा आणि विजेच्या गिटारीचा संबंध काय?” प्रश्न रास्त आहे. मी संगीतातला जाणकार नाही. गिटार हातात धरता येते, वाजवता येत नाही. पण ही चाळीस मिनिटं मी गेली पस्तीसेक वर्षं ऐकतो आहे आणि अजून ती माझ्यासाठी शिळी झालेली नाहीत. त्याचं एक कारण तिच्या नावात दडलं आहे. तिथूनच सुरुवात करू.

हे नाव आलं आहे देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाकडून. ऐन तारुण्यात, म्हणजे १६१९ च्या सुमारास, त्याने आपल्या टिपणवहीत लॅटिनमध्ये दोन शब्द लिहून ठेवले होते, ‘लार्वातुस प्रोदेओ’. त्याच्या म्हणण्याचा आशय असा, की रंगमंचावर येताना नट चेहऱ्यावर मुखवटा चढवतो, म्हणजे गालावरची लाज प्रेक्षकांना दिसत नाही. आणि आजवर जगाच्या नाटकाला नुसता प्रेक्षक म्हणून बसलेला मी आता रंगमंचावर पाऊल टाकताना तसाच मुखवटा घालून येतो आहे. मला यातला ‘लाज’ हा भाग फार आवडतो. मुखवटा म्हटलं की आपल्याला लगेच फसवणूक, ढोंग वगैरे आठवतं. देकार्तचा मुखवटा बुजऱ्या माणसाचा आहे. त्याला पुढे यायचं आहे, पण येताना चेहरा आड येतो, म्हणून तो झाकून घ्यायचा.

आता १९८१ साली या दोन गिटारवाल्यांना चेहरा झाकावासा का वाटला असेल, ते समजण्यासाठी त्यांचे चेहरे आधी पाहायला हवेत.

समर्सचा जन्म १९४२ चा. जन्मला लँकाशरमध्ये, वाढला मात्र दक्षिण किनाऱ्यावरच्या बोर्नमथ गावात. फ्रिप १९४६ चा, आणि तो बोर्नमथपासून जवळच्या विम्बोर्न गावचा. म्हणजे दोघेही एकाच मुलखातले. साठच्या दशकाच्या पूर्वार्धात बोर्नमथच्या मॅजेस्टिक हॉटेलात एक नाचाचा वाद्यवृंद होता. पाहुणे जेवायचे, नाचायचे, आणि कोपऱ्यात ही मंडळी त्या काळची चालू गाणी वाजवायची. त्या वाद्यवृंदात गिटारवर समर्स होता. नशीब काढायला तो लंडनला गेला, आणि त्याच्या रिकाम्या जागेवर जो पोरगा आला तो रॉबर्ट फ्रिप. पुढे जगभर ऐकले गेलेले दोन गिटारवाले एकाच हॉटेलात, एकाच खुर्चीवर, पाठोपाठ बसून गेले. एकत्र वाजवायला मात्र त्यानंतर दीड दशकाहून जास्त काळ जावा लागला.

समर्सचा मधला प्रवास वाकडातिकडा आहे. झूट मनीच्या बँडमध्ये तो होता, १९६८ मध्ये काही महिने सॉफ्ट मशीनमध्ये होता, एरिक बर्डनच्या अ‍ॅनिमल्समध्ये होता. मग कॅलिफोर्नियात राहून विद्यापीठात शास्त्रीय गिटारचं रीतसर शिक्षण घेतलं. १९७७ मध्ये तो स्टिंग आणि स्टुअर्ट कोपलंड या दोन तरुणांच्या ‘द पोलीस’ या बँडमध्ये आला तेव्हा चौतीस वर्षांचा होता, म्हणजे त्या दोघांपेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठा. आणि मग जे झालं ते सर्वांना माहीत आहे. चार-पाच वर्षांत हा बँड जगातला सर्वांत लोकप्रिय बँड म्हणावा अशा जागी पोहोचला. मार्च १९८० मध्ये ही तिघं मुंबईतही येऊन वाजवून गेली. ‘टाइम अँड टॅलेंट्स क्लब’ या मुंबईतल्या महिलांच्या धर्मादाय संस्थेने तो कार्यक्रम घडवून आणला होता. परदेशी रॉक बँड मुंबईत येणं ही त्या काळात अपूर्वाईची गोष्ट होती.

समर्सची वाजवण्याची खूण अशी, की तो स्वरमेळ भरगच्च वाजवत नाही. त्यातले नेहमीचे स्वर गाळतो, बोटं लांबवर ताणून दूरदूरचे स्वर एकत्र आणतो आणि त्यावर यंत्राने थोडी पाणीदार थरथर चढवतो. ‘मेसेज इन अ बॉटल’ची सुरुवातीची गिटार ज्यांनी ऐकली आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. दोन स्वर ऐकले की माणूस ओळखू येतो. पण बँडमध्ये गाणी बहुतेक स्टिंगची. समर्सने ‘बिहाइंड माय कॅमल’ नावाची एक शब्दविरहित रचना केली होती. स्टिंगला ती इतकी नावडली की त्याने तिच्यात वाजवायला नकार दिला आणि एक दिवस तिची टेप उचलून स्टुडिओच्या मागच्या बागेत चक्क पुरून टाकली! ही हकिगत स्टिंगनेच पुढे सांगितली आहे. टेप उकरून काढली गेली, बासही समर्सने स्वतःच वाजवला, रचना १९८० च्या ध्वनिमुद्रिकेत आली आणि १९८२ मध्ये तिला उत्कृष्ट रॉक वाद्यवादनाचं ग्रॅमी पारितोषिक मिळालं. नाटकात शोभेल असा प्रसंग आहे. पण त्यातला सल विनोदी नाही. जगातल्या सर्वांत यशस्वी बँडमध्ये असून त्या माणसाला स्वतःची अशी जागा नव्हती. १९८१ मध्ये ‘घोस्ट इन द मशीन’ निघाली, तिच्यात शिंगवाद्यं आणि सिंथेसायझर आले, गिटार आणखी मागे सरकली. तिघांच्या त्या मूळच्या मोकळ्या आवाजाला आपण मुकलो, असं समर्सने नंतर बोलून दाखवलं आहे.

फ्रिपची गोष्ट वेगळी. तो स्वतःच आपल्या बँडचा कणा. ‘किंग क्रिम्सन’ची पहिली ध्वनिमुद्रिका १९६९ ची. १९७४ मध्ये, ऐन भरात असताना, त्याने बँड मोडला आणि पुढे ग्लॉस्टरशरमधल्या शेरबोर्न हाउस या ठिकाणी जाऊन दहा महिने राहिला. गुर्जिएफच्या विचारांवर चालणारं, जे. जी. बेनेट यांनी सुरू केलेलं ते शिक्षणकेंद्र होतं. तिथून परतलेला फ्रिप शिस्तीचा माणूस होऊन परतला. तो बसूनच वाजवतो, स्टुलावर, पाठ ताठ. मुळात डावखुरा, पण गिटार उजव्या हाताची. १९७७ मध्ये बर्लिनच्या हांसा स्टुडिओत डेव्हिड बोवीच्या ‘हीरोज’ गाण्यात जो लांबलचक, न तुटणारा सूर ऐकू येतो तो फ्रिपचा. गिटार ध्वनिक्षेपकापासून किती अंतरावर धरली की कोणता सूर आपोआप घुमत राहतो हे त्याने शोधून काढलं आणि स्टुडिओच्या जमिनीवर त्या जागांवर खुणा केल्या. म्हणजे स्वर बोटांनी लावायचा आणि पायांनी टिकवायचा.

त्याची आणखी एक करामत आहे ती दोन टेपरेकॉर्डरची. ब्रायन ईनोसोबत १९७३ मध्ये त्याने ती पहिल्यांदा ध्वनिमुद्रिकेवर आणली. दोन मोठी रीळवाली यंत्रं शेजारी ठेवायची. पहिल्यावर मुद्रण करायचं, तीच फीत पुढे दुसऱ्या यंत्रातून न्यायची. दुसरं यंत्र तो आवाज काही सेकंदांनी ऐकवतं, आणि ऐकवलेला आवाज पुन्हा पहिल्यात सोडायचा. एक सूर वाजवला की तो थोड्या वेळाने परत येतो, पुन्हा येतो, हळूहळू विरत जातो. त्यावर दुसरा, तिसरा. एक माणूस स्वतःच्याच मागच्या क्षणांबरोबर वाजवत बसतो. ईनोच्या आधी टेरी रायली, पॉलीन ऑलिव्हेरोस या अमेरिकी संगीतकारांनी असे प्रयोग केले होते, पण गिटारवाल्याने त्यात घर बांधावं ते फ्रिपनेच. आपल्या कानांना तंबोऱ्याची सवय असल्यामुळे की काय, मला हा आवाज परका वाटला नाही.

१९८१ मध्ये पुढाकार समर्सने घेतला. फ्रिपने तेव्हा किंग क्रिम्सन नव्याने उभा केला होता, ‘डिसिप्लिन’ ही त्याची नवी ध्वनिमुद्रिका तयार होती. दोघांच्या मोठ्या गाड्या धडधडत चालल्या होत्या. त्यातून सवड काढून सप्टेंबर १९८१ मध्ये हे दोघे लंडनला नव्हे, डॉर्सेटला, आपल्या जुन्या मुलखात गेले. पार्कस्टोन हे बोर्नमथच्या शेजारचं ठिकाण. तिथे टोनी आर्नल्ड या ध्वनिमुद्रकाचा छोटा स्टुडिओ होता. नाव ‘आर्नीज शॅक’, आपण ‘आर्नीची खोपटी’ म्हणू. जगातल्या महागड्या स्टुडिओंतून वाजवलेली ही माणसं त्या खोपटीत बसली. ढोलवाला नाही, गायक नाही. गिटारी, बास, सिंथेसायझर, पियानो, तालाची काय असतील ती वाद्यं, सगळं दोघांनीच वाजवलं. उरलेलं काम मे १९८२ मध्ये पुरं झालं.

इथे मुखवट्याची गोष्ट येते, आणि ती अगदी यंत्राच्या पातळीवर आहे. त्या सुमारास रोलँड या जपानी कंपनीने जीआर-३०० नावाचं गिटार सिंथेसायझर बाजारात आणलं होतं. साध्या विजेच्या गिटारीत सहाही तारांचा आवाज एकत्र उचलला जातो. इथे प्रत्येक तारेखाली वेगळा कान. तार छेडली की यंत्र तिची उंची ओळखतं आणि त्या उंचीचा, पण सर्वस्वी वेगळ्या जातीचा आवाज काढतं. बोटं गिटारवर, आणि बाहेर येतं ते कधी बासरीसारखं, कधी पितळी वाद्यासारखं, कधी कशासारखंच नाही असं. दोघांकडेही हे यंत्र होतं. ज्या आवाजावरून त्यांना जग ओळखत होतं तो आवाजच त्यांनी बाजूला ठेवला.

आता ही गंमत आपल्या जुगलबंदीशी ताडून पाहा. १९६७ ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका पुष्कळांच्या घरी होती. संतूर शिवकुमार शर्मांचं, बासरी हरिप्रसाद चौरसियांची, आणि गिटार, हो गिटारच, ब्रिजभूषण काबरांची. तिथे तिघं एकमेकांत कितीही मिसळले तरी वाद्याच्या जातीवरूनच कळतं की आता कोण बोलतो आहे. एरवीच्या जुगलबंदीत तर कोण बोलतो आहे हे कळण्यातच अर्धी मजा. एकाने टाकलेली तान दुसऱ्याने कशी झेलली, कोण कोणावर कडी करतो, समेवर कोण आधी हसतो. श्रोते म्हणून आपण मनातल्या मनात गुणही देत असतो. या ध्वनिमुद्रिकेत गुण द्यायची सोय नाही. दोघांच्या हातात एकच वाद्य, त्यावर एकच यंत्र, आणि वाजवण्याची पद्धतही अशी की दोघांच्या आकृत्या एकमेकींच्या फटींत बसतात.

ही पद्धत फ्रिपने क्रिम्सनमधून आणली होती. समजा, एकजण सहा स्वरांचा एक साचा न थांबता वाजवतो आहे आणि दुसरा सात स्वरांचा. दोघे एकत्र निघाले, की लगेच त्यांच्या सुरुवाती एकमेकांपासून सुटतात. सहाच्याला नवी सुरुवात करायची असते तेव्हा सातच्याचा एक स्वर उरलेला असतो. पुढच्या फेरीत दोन, मग तीन. बेचाळिसाव्या स्वरानंतर दोघे पुन्हा एका ठिकाणी येतात. मधल्या प्रवासात आपल्या कानाला तिसरीच एक सुरावट ऐकू यायला लागते, जी दोघांपैकी कोणीही वाजवत नसतं. ती कोणाची, असं विचाराल तर उत्तर नाही. जावा-बालीच्या गॅमेलान वाद्यमेळात असं होतं, आणि फ्रिपने तिथून बरंच घेतलं आहे.

शीर्षकाची रचना पहिलीच आहे आणि ती अशीच विणलेली आहे. जलद, दातेरी, एखाद्या यंत्रमागासमोर उभं राहावं तशी. ‘न्यू मरिम्बा’ हीसुद्धा त्याच वळणाची, नावाप्रमाणे लाकडी पट्ट्यांच्या वाद्यासारखी ठणठणीत. पण मला विचाराल तर या ध्वनिमुद्रिकेचं हृदय आहे ते ‘गर्ल ऑन अ स्विंग’मध्ये. दोन मिनिटांची रचना. झोक्यावरची मुलगी. इथे यंत्रं जवळजवळ गप्प आहेत, दोन स्वच्छ गिटारी आहेत. झोका पुढे जातो तेव्हा एक आणि मागे येतो तेव्हा दुसरी, असं मला दर वेळी वाटतं. गिटार वाजवणारा माझा एक मित्र छातीठोकपणे सांगतो की डावीकडची समर्सची आणि उजवीकडची फ्रिपची. पुढच्या खेपेला तो तितक्याच छातीठोकपणे उलट सांगतो. मी त्याला अडवत नाही.

अर्थात मुखवटा सगळीकडे सारखाच बसलेला नाही. ‘स्टिल पॉइंट’मध्ये जो लांब, दाट, अश्रू आवरून धरल्यासारखा सूर येतो तो फ्रिपचाच, तिथे शंकेला जागा नाही. आणि काही ठिकाणी मुखवटा जत्रेतला वाटतो. ‘चायना – यलो लीडर’ ही ती सात मिनिटांची रचना. तिच्या सुरुवातीचं चीन हे पर्यटन खात्याच्या माहितीपटातलं चीन आहे. पुढे ती बरी होते, पण तोपर्यंत आपण घड्याळ पाहिलेलं असतं. ‘सेव्हन ऑन सेव्हन’, ‘स्टल्टिफाइड’ या शेवटच्या छोट्या रचना म्हणजे वहीच्या मागच्या पानावर केलेल्या रेघोट्या. मला त्या आवडतात. कवीच्या वहीतली मागची पानं बऱ्याचदा पुढच्यांपेक्षा खरी असतात.

एक रचना आहे ‘हार्डी कंट्री’. थॉमस हार्डीचा मुलूख. बी.ए.ला इंग्रजी घेतलेल्या माझ्या पिढीतल्या मंडळींना हार्डी अभ्यासक्रमातून भेटला, आणि बहुतेकांना तो परीक्षेपुरताच राहिला. मला त्याच्या कादंबऱ्यांपेक्षा त्याची गावं जास्त लक्षात राहिली. हार्डी डॉर्सेटचाच. त्याने आपल्या सगळ्या परिसराला ‘वेसेक्स’ हे जुन्या राज्याचं नाव दिलं आणि खऱ्या गावांना खोटी नावं दिली. डॉर्चेस्टरचं कॅस्टरब्रिज केलं, बोर्नमथचं सँडबोर्न, विम्बोर्नचं वॉरबोर्न. गावांना मुखवटे घातले म्हणा ना. त्यामुळे गावं लपली नाहीत. लोक आजही पुस्तक हातात घेऊन त्या रस्त्यांवरून हिंडतात. आणि योगायोग पाहा, १८८१ ते १८८३ या काळात हार्डी राहत होता तो विम्बोर्नमध्ये, म्हणजे फ्रिपच्या जन्मगावी. बरोबर शंभर वर्षांनी हे दोघे जवळच्या खोपटीत बसून त्याच्या नावाची रचना वाजवत होते. हार्डी स्वतः तरुणपणी गावच्या नाचांना फिडल वाजवायचा, त्याच्या घरातच ती परंपरा होती. समर्सने आणि फ्रिपनेही सुरुवात हॉटेलातल्या नाचांना वाजवूनच केली. रचनेत हे काही शब्दांत येत नाही, येण्याचा प्रश्नच नाही. ती फक्त चालत राहते, उंचसखल जमिनीवरून चालावं तशी, आणि मध्येच एक गिटार वर उठून लांबवर पाहते.

हे सगळं मला नंतर कळलं, बरं का श्रोतेहो. ही ध्वनिमुद्रिका मला पहिल्यांदा मिळाली ती ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, कॉलेजात असताना, कोणाच्या तरी कॅसेटवरून उतरवून घेतलेल्या दुसऱ्या कॅसेटवर. वरच्या कागदावर निळ्या शाईत फक्त ‘गिटार’ एवढंच लिहिलेलं. वाजवणाऱ्यांची नावं नाहीत, रचनांची नावं नाहीत. दोन माणसं आहेत हेसुद्धा माहीत नव्हतं. कित्येक महिने मी ती तशी ऐकली. कधी वाटायचं एकच माणूस आहे, कधी वाटायचं पाच-सहा आहेत. म्हणजे दोघांनी मुखवटा घातलाच होता, आणि कॅसेट उतरवणाऱ्याच्या आळसाने त्यावर दुसरा चढला होता. पुढे नावं कळली, माहिती मिळाली, आनंदही झाला. पण ते पहिलं ऐकणं निराळं होतं.

याबद्दल मला जरा जास्त वाटतं त्याला माझं कारण आहे. माझ्या कवितेच्या आधी माझं नाव पोहोचतं. कविसंमेलनात सूत्रसंचालक नाव पुकारतो तेव्हाच सभागृहाच्या बसण्यात बारीकसा बदल होतो. काही जण सरसावून बसतात, फार प्रेमाने. त्यांना माझ्याकडून शेर हवा असतो, किंवा एकात्मतेचा संदेश. कार्यक्रम संपल्यावर कोणीतरी येऊन माझा हात हातात घेऊन सांगतं, “तुमचं मराठी किती छान आहे हो.” माणसं चांगली असतात, मनापासून बोलतात, म्हणून मी आभार मानतो. माझ्या आजीचं जात्यावरचं मराठी त्यांनी ऐकलं असतं तर माझं त्यांना काहीच वाटलं नसतं, हे तिथे सांगत बसत नाही. पावसावरची कविता वाचली तरी त्यात कोणाला तरी मोहल्ला ऐकू येतो. मोहल्ला माझा आहेच, मी तो नाकारत नाही, त्याच्यावर लिहिलंही आहे. पण पाऊस सगळ्यांच्याच कौलांवर पडतो, आणि एखाद्या दिवशी तेवढाच ऐकला जावा असंही वाटतं.

उर्दू शायर तखल्लुस घेतात, आपल्याकडे बी, ग्रेस, आरती प्रभू झाले. टोपणनावामागे काय असतं याचा विचार मी त्या कॅसेटमुळे वेगळ्या तऱ्हेने करायला लागलो. लपण्याची हौस असेलही. पण एखाद्याला आपलं काम आपल्या आधी पोहोचावं असं वाटत असेल. समर्सला ‘पोलीसवाला’ म्हणून ऐकलं जायचं आणि फ्रिपला ‘क्रिम्सनवाला’ म्हणून. दोघांनी चाळीस मिनिटांपुरती ती ओळखपत्रं दारात ठेवली. आणि तरी गंमत अशी की ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर नावं मोठी छापलेली होती, नाहीतर ती विकली कोणी असती? अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत ती साठाव्या क्रमांकापर्यंत गेली. शब्द नसलेल्या, ढोलवाला नसलेल्या, अशा आडवळणाच्या संगीताला हे यश ‘पोलीस’च्या नावामुळे मिळालं हे उघड आहे. नावाचं काय करायचं हा प्रश्न त्यांनाही पुरता सुटला नव्हता.

दोन वर्षांनी, १९८४ मध्ये, दोघांची दुसरी ध्वनिमुद्रिका आली, ‘बिविच्ड’. मोहिनी पडलेली, असं म्हणू. तिच्या पहिल्या बाजूवर ताल ठसठशीत झाला, इतर वादक आले, नाचता येईल अशा रचना आल्या. ती ऐकताना कोण कोण आहे हे सहज कळतं. फ्रिपने पुढे स्पष्टच सांगितलं की ही ध्वनिमुद्रिका मुख्यतः अँडीची होती आणि आपण त्याच्या मदतीला उभे होतो. ते ऐकायला मोठेपणाचं वाटतं, पण पहिल्या खेपेला कोणी कोणाच्या मदतीला उभं नव्हतं. दुसऱ्या बाजूवरच्या काही छोट्या रचनांत ती जुनी वीण पुन्हा दिसते. बाकी ध्वनिमुद्रिका वाईट नाही, पण ती दोन पाहुण्यांची मैफल आहे. वर्ष संपेपर्यंत ‘पोलीस’चा त्या काळातला शेवटचा दौराही झाला होता आणि क्रिम्सनचा तो संचही मोडला होता. त्या दशकात दोघांची तिसरी ध्वनिमुद्रिका काही आली नाही.

फ्रिप मात्र त्या विणकामाच्या मागे लागलाच. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात त्याने ‘गिटार क्राफ्ट’ नावाचं शिबिर सुरू केलं. विजेची गिटार बाजूला, साधी लाकडी गिटार हाती. तारा लावायची रीतही बदलली, म्हणजे आधीपासून येणाऱ्याचंही येणं पुसलं जावं आणि सगळे नवशिके व्हावेत. तिथे एक सराव असायचा. सगळे गोल करून बसायचे. एकाने एक स्वर वाजवायचा, शेजाऱ्याने पुढचा, त्याच्या शेजाऱ्याने त्याच्या पुढचा. सुरावट माणसामाणसांतून गोल फिरायची. कोणाच्याही वाट्याला एका वेळी एकाहून जास्त स्वर येत नसे. तो वेळेवर आणि शेजाऱ्याच्या स्वराला लागून वाजवायचा, एवढंच काम. ज्यांनी वर्षानुवर्षं एकट्याने जलद ताना घोटल्या आहेत त्यांना हे सर्वांत अवघड जात असणार.

ज्यांना ‘आय अ‍ॅडव्हान्स मास्क्ड’ ऐकायची आहे त्यांना आज ती सहज मिळेल, आमच्यासारखी कॅसेट उतरवत बसायची गरज नाही. माझं ऐकाल तर पहिल्या रचनेपासून सुरू करू नका. रात्री, आवाज लहान ठेवून, ‘गर्ल ऑन अ स्विंग’ लावा, मग ‘पेंटिंग अँड डान्स’, मग ‘हार्डी कंट्री’. आणि जमलं तर शेजारी बसलेल्याला कोण वाजवतं आहे ते लगेच सांगू नका. त्याने विचारेपर्यंत थांबा.